टाकण्याआधीच पोचलेले पत्र

माझा भाचा मुंबईत लोअर परळला एका शेअर दलालाच्या पेढीत नोकरीला आहे. त्याच्या लग्नाची खटपट सुरू झाली तेव्हा "मुलगा करतो काय?" या प्रश्नाला माझ्या बहिणीला धड उत्तर देता येईना. शेवटी तिने त्यालाच विचारले. तो म्हणाला, "आई, मी उशीर मोजतो." बिचारी गप्प बसली. आमच्या घराण्यात उशीर करणारे पुष्कळ होऊन गेले. पण तो मोजणारा, आणि त्याबद्दल पगार घेणारा, हा पहिलाच!

तो नेमके काय करतो हे मलाही दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत कळले. पुण्याहून मी त्याच्याकडे उतरलो होतो. पहिल्या रात्री तो जेवायला बसला तो तोंड उतरवूनच. पेढीच्या बड्या ग्राहकांची तक्रार आली होती. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, नेमक्या त्याच वेळी आपल्या ऑर्डरी मागे पडतात, असे त्यांचे म्हणणे. तारा पुरवणाऱ्या कंपनीने आपला तक्ता पुढे केला. त्यात सारे आलबेल. मग राहिला कोण? ज्याच्याकडे पहाऱ्याचे काम, तो! "लक्ष्मीपूजनाच्या आत कारण सापडलं नाही, तर दुसरीकडे बघा," असे मालकांनी सांगितले होते.

मी म्हटले, "अरे, क्षणभर इकडेतिकडे झाले तर एवढे काय बिघडले?"

"मामा, क्षणभर म्हणजे फार झालं," तो म्हणाला.

मुंबईच्या शेअरबाजारात १९९५ पर्यंत दलाल रिंगणात उभे राहून ओरडून, हातवारे करून सौदे करीत. आता यंत्र सौदे जुळवते. त्याचा नियम रेशनच्या दुकानासारखा आहे: भाव एकच असेल, तर आधी आला त्याचा नंबर आधी. फरक एवढाच, की या रांगेत सेकंदाचा दहालाखावा भाग मोजतात. त्याला मायक्रोसेकंद म्हणतात. आपल्या पंचांगात पळ चोवीस सेकंदांचे आणि विपळ त्याचा साठावा हिस्सा. विपळापर्यंत पोचलो म्हणून आपण पाठ थोपटून घ्यावी, तर एका विपळात चार लाख मायक्रोसेकंद मावतात!

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. लोअर परळहून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजाराच्या इमारतीपर्यंत तार सोळा किलोमीटर धरली, तर ऐंशी मायक्रोसेकंद लागणारच. त्याला भाचा उशीर म्हणतो हे मला पटले नाही. उशीर शब्दात अपराध आहे. हा नुसता प्रवास. मी 'वाटवेळ' असा शब्द सुचवला. त्याच्या कचेरीत तो दोन दिवस थट्टेने चालला, असे समजते.

ही व्यथा आजची नव्हे. २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, तेव्हा भाव छापणारी कागदी पट्टी चार तासांहून अधिक मागे पडली होती. लोक विकत होते, पण कोणत्या भावाने ते त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याकडे १९९४ साली राष्ट्रीय शेअरबाजार सुरू झाला तो उपग्रहाच्या जोरावर. छत्तीस हजार किलोमीटर वर जायचे, तितकेच खाली यायचे, आणि उत्तरासाठी पुन्हा तीच वारी. यात जवळजवळ अर्धा सेकंद जाई. पण गावोगावच्या दलालाला तो अर्धा सेकंद म्हणजे वरदान वाटले. पुढे दलालांना आपली यंत्रे बाजाराच्या इमारतीतच कपाट भाड्याने घेऊन ठेवता येऊ लागली, आणि मायक्रोसेकंदांची भांडणे सुरू झाली. ती इतकी वाढली, की सेबीने २०१८ साली बाजारांना आपल्या वाटवेळेचे अधिक तपशीलवार आकडे प्रसिद्ध करायला सांगितले. कमाल, किमान आणि सरासरी तर आलेच. शिवाय शंभरातल्या नव्व्याण्णव ऑर्डरी किती वेळात उरकल्या, हेही. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता मोजायचे कसे? एक निरोप पाठवून तो परत येईपर्यंतचा वेळ पाहता येतो. पण जाताना किती गेला आणि येताना किती, हे त्यातून कळत नाही. म्हणून भाच्याने दोन्ही टोकांना तारेत काचेचा फाटा बसवला. प्रकाशाचा थोडा अंश फाट्यातून नोंद करणाऱ्या यंत्रात जातो, बाकीचा आपल्या वाटेने पुढे. टपालखात्यात पत्र टाकल्याचा एक शिक्का आणि पोचल्याचा दुसरा असे, तसेच हे. दोन शिक्क्यांची वजाबाकी केली की झाले.

त्याने वजाबाकी केली, ती उणे चाळीस आली. पत्र टाकण्याआधीच पोचले होते! कंपनीचा माणूस म्हणे खो खो हसला.

मला मात्र ताईचे लग्न आठवले. भटजींचे घटिकापात्र बुडायला अवकाश होता, आणि वरपक्षाच्या मनगटावरचे घड्याळ मुहूर्त टळला म्हणत होते. केवढा तंटा! दोन घड्याळांचे आपसात जमत नसेल, तर त्यांच्या वजाबाकीला काय अर्थ? भाच्याची अडचण याहून सूक्ष्म होती. एका टोकाचे घड्याळ तारेवरून दुसऱ्या यंत्राला वेळ विचारून लावलेले. विचारायला वेळ लागतो, उत्तर यायलाही लागतो. दोन्ही सारखेच असे गृहीत धरून घड्याळ स्वतःला सुधारते. इथे जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी, लांबची. घड्याळ प्रामाणिकपणे चुकत होते. मग गच्चीवर अँटेना लावून दोन्ही टोकांची घड्याळे जीपीएस उपग्रहांच्या अणुघड्याळांशी जुळवली. यात तीन दिवस आणि माझी माथेरानची सहल गेली.

घड्याळे जुळल्यावर सरासरी आली पंचाण्णव मायक्रोसेकंद. उत्तम! म्हणजे तक्रार खोटी? कंपनीने तेच म्हटले. भाच्याने त्या रात्री ऑर्डरी वेळेप्रमाणे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्या. नव्व्याण्णव ठीक, शंभरावीला कितीतरी पट अधिक. आणि अशा साऱ्या ऑर्डरी सव्वानऊच्या पहिल्या एकदोन सेकंदांतल्या.

मला त्याने पंगतीचा दाखला दिला. दोन तासांत तीनशे पाने उठली, म्हणजे मिनिटाला अडीच. वाढप्यांना काहीच कठीण नाही. पण अक्षता पडताक्षणी तीनशेही मंडळी एकदम पाटांकडे धावली तर? मिनिटामिनिटाच्या आलेखात तार नव्वद टक्के मोकळी दिसत होती. सेकंदाच्या हजाराव्या भागाने पाहिले, तेव्हा पेढीतल्याच एका स्विचपाशी ही गर्दी तुंबत असल्याचे दिसले.

पण धावत कोण होते? दसऱ्याला मालकांनी आपल्या खोलीत भिंतभर पडदे लावून घेतले होते. झाडून साऱ्या शेअरांचे भाव त्यांवर पळत. बाजार उघडताच तो सगळा लोंढा त्याच स्विचमधून यायचा, आणि ग्राहकांच्या ऑर्डरी मागे उभ्या राहायच्या.

हे मालकांना सांगायचे कसे, यावर ताईशी फोनवर खल झाला. ती म्हणाली, "सांगू नको, तार बदलून टाक." मी म्हटले, सांग. धनत्रयोदशीला त्याने आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, पडद्यांकडे पाहिले आणि "बरं" एवढेच म्हणाले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे तासभर चालले; त्यात एकही ऑर्डर तुंबली नाही.

पडदे अजून तिथेच आहेत, फक्त वेगळ्या, स्वस्तातल्या तारेवर. त्यांवरचे भाव आता बाजारापेक्षा पाऊण सेकंद मागे असतात. भाचा तेही रोज मोजतो. मालकांनी अजून विचारलेले नाही.