एकच हिशेब तीन ठिकाणी? टूलला सांगा वेगळा काढायला

समजा, नांदेड-लातूर एसटीचं भाडं सांगणारं ॲप तुम्ही जावात लिहिताय. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत. हा सवलतीचा हिशेब पोरं दोन-तीन ठिकाणी कॉपी-पेस्ट करतात, हे मी नेहमी बघतो. उद्या नियम बदलला आणि एक जागा राहिली, की एखाद्या आजीला चुकीचं भाडं दिसलंच म्हणून समजा.

अँड्रॉइड स्टुडिओत त्या ओळी सिलेक्ट करा आणि विंडोजवर कंट्रोल+ऑल्ट+एम दाबा. टूल त्यांची वेगळी मेथड बनवतं, जुन्या जागी फक्त तिचा कॉल ठेवतं. हे नुसतं कट-पेस्ट नाही बरं का! वय, मूळ भाडं अशी आधीच ठरलेली व्हेरिएबल्स ते पॅरामीटर करतं, पुढे लागणारी रक्कम रिटर्न करतं. जावाची मेथड एकच व्हॅल्यू परत देते. पुढे दोन लागत असतील तर टूल पूर्वी सहसा अडायचं. तशाच ओळी दुसरीकडे सापडल्या तर 'त्याही बदलू का?' असं विचारतं.

मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग' पुस्तकात ही पद्धत आहे. तेव्हा बहुतेकांना ती हातानंच करावी लागे.

नाव मात्र तुम्हीच द्या. टूल सुचवतं ते बऱ्याचदा फालतू असतं. मी तर इंग्रजी अक्षरांत सरळ 'सवलतीचं भाडं' लिहितो.