सिबिल बिघडलंय? ठेवीवरचं कार्ड घेता येईल, पण जरा बेतानं

ट्रॅक्टरसाठी, दुभत्या जनावरांसाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला तुम्ही बँकेत गेलात, उतारे दिले, कोटेशन दिले, आठ दिवस हेलपाटे घातले आणि शेवटी साहेबांनी संगणकाकडे बघत सांगितले, "तुमचं सिबिल बसत नाही." हे वाक्य आता गावोगाव ओळखीचे झाले आहे. पूर्वी बँकेचा माणूस गावात चौकशी करायचा, सोसायटीच्या सचिवांना विचारायचा, जमीन किती आणि वागणूक कशी हे बघायचा. आता तो आधी अहवाल उघडतो. त्या अहवालावर एकदा डाग पडला की तो कसा धुवायचा, आणि मुदत ठेव तारण ठेवून मिळणारे क्रेडिट कार्ड त्या कामी कितपत येते, ते आज पाहू.

सिबिल ही २००० साली स्थापन झालेली कंपनी. कोणी किती कर्ज घेतले आणि कसे फेडले याच्या नोंदी बँका तिच्याकडे पाठवतात. तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या देशात काम करतात : एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पण नाव रुळले ते सिबिलचेच, जसे वनस्पती तुपाला डालडा. या नोंदींवरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण निघतात. साडेसातशेच्या पुढे असाल तर बँका सहसा कुरकुर करीत नाहीत. हे गुण काही शाखाधिकारी देत नाही, कंपनी मोजते. कर्ज द्यायचे की नाही हे मात्र बँकच ठरवते.

पीककर्जाची गोष्ट थोडी वेगळी. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असे राज्य सरकारने राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकांत बँकांना वेळोवेळी बजावले आहे. २०२५ च्या खरिपाआधीच्या बैठकीतही तेच सांगितले गेले. प्रत्यक्षात शाखेत काय होते ते तुम्ही जाणताच. आणि ट्रॅक्टर, दुचाकी, घर, दुकान यांची कर्जे या सांगण्यात येत नाहीत. तिथे अहवालच बोलतो.

म्हणून कार्डाच्या आधी अहवाल मागवा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांसह फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मोबाईल आणि पॅन कार्ड असले की कंपनीच्या संकेतस्थळावरून तो मिळतो. जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराला बसवा, पण त्रयस्थाच्या हाती ओटीपी देऊ नका. अहवाल मिळाला की एकेक खाते वाचा. तुम्ही कधीच न घेतलेले कर्ज तुमच्या नावावर दिसते का? फेडलेले कर्ज अजून थकीत दिसते का? आणि भावकीतल्या किंवा शेजारच्या कोणाला जामीन राहिला होता का? जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते. त्याने हप्ते बुडवले तर त्याचा फटका तुम्हाला. "सही तर केली होती, पैसे थोडेच घेतले," हे म्हणणे तिथे चालत नाही.

शेतीकर्ज थकीत कधी धरतात हेही माहीत असू द्या. इतर कर्जांना नव्वद दिवसांचे माप असते. पीककर्जाला हंगामाचे आहे : कमी मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम, वर्षापेक्षा जास्त घेणाऱ्या पिकांसाठी एक हंगाम. तेवढ्या काळात मुद्दल किंवा व्याज आले नाही, तर खाते अनुत्पादक ठरते. एक पीक गेले म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही, पण दुसरेही गेले आणि बँकेत जाऊन पुनर्गठनाचे काही बोललात नाही, तर नोंद खराब झालीच म्हणून समजा.

आता एक गैरसमज. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ अखेरची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, यांतून पुष्कळांची खाती निल झाली. पण खाते निल होणे आणि अहवाल स्वच्छ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच तडजोडीचे. बँकेने "एवढे भरा, बाकीचे सोडतो" म्हणून एकरकमी तडजोड केली, की त्या खात्यापुढे कर्ज 'बंद' झाल्याचा शेरा येत नाही, 'तडजोडीने मिटवले' असा शेरा येतो. पुढची बँक त्याचा अर्थ सरळ लावते : याने कोणाचे तरी पैसे पूर्ण दिले नाहीत. उतारावयात, पोरीच्या लग्नाच्या तोंडावर तडजोड करावी लागते, त्याला इलाज नसतो. पण हाती पैसा असताना केवळ सूट मिळते म्हणून तडजोड करणाऱ्याने या शेऱ्याची किंमत आधी मोजावी. तडजोड झाली असेल आणि आता ऐपत असेल, तर राहिलेली रक्कम भरून शेरा बदलून मिळतो का, हे बँकेला लेखी विचारता येते.

सात-बाऱ्याचेही तसेच. तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) जाऊन बोजा कमी केला, फेरफार मंजूर झाला, म्हणजे सिबिल आपोआप सुधारले असे नाही. ते दोन वेगळे दप्तर आहेत. बोजा उतरवताना बँकेकडून जो बेबाकी दाखला घेता, त्याची एक प्रत जपून ठेवा. अहवालातली चूक दुरुस्त करायला तोच कागद लागतो. गावच्या सचिवांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी लोकांना एवढे जरी सांगितले, तरी पुष्कळांचे हेलपाटे वाचतील.

चूक सापडली तर कंपनीकडे आणि बँकेकडे तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला पाहिजे. नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीचा क्रमांक आणि तारीख मात्र लिहून ठेवा. तोंडी तक्रारीला या कामात किंमत शून्य.

हे सगळे झाले, जुनी बाकी मिटली, चुका निघाल्या, तरी खरी झालेली चूक पुसली जात नाही. नोंदी कंपन्यांकडे निदान सात वर्षे राहतात. मग उपाय उरतो तो जुन्या वाईट नोंदीवर नव्या चांगल्या नोंदींचे थर चढवण्याचा. पण गुण कमी म्हणून कर्ज मिळत नाही, आणि कर्ज मिळत नाही म्हणून चांगली नोंद होत नाही. ठेवीवरचे कार्ड हा पेच सोडवते.

'किसान क्रेडिट कार्ड' तर आमच्याकडे आहेच, असे कोणी म्हणेल. नाव सारखे असले तरी ते वेगळे. १९९८ साली सुरू झालेले किसान कार्ड म्हणजे पीककर्जाचे खाते, त्याची परतफेड पिकाच्या हिशेबाने होते. इथे बोलतो आहोत ते दुकानात, पेट्रोल पंपावर चालणारे, महिन्याचे बिल येणारे कार्ड.

त्याची रीत अशी. बँकेत मुदत ठेव ठेवायची. बहुतेक ठिकाणी दहा-वीस हजारांपासून काम होते. त्या ठेवीवर बँक आपला हक्क नोंदवते आणि ठेवीच्या साधारण पाऊण ते नव्वद टक्के रकमेच्या मर्यादेचे कार्ड देते. बँकेचा पैसा सुरक्षित असल्यामुळे ती गुणांकडे फारसे बघत नाही. ठेवीला व्याज चालूच राहते. जिल्हा बँकेतल्या किंवा पतसंस्थेतल्या ठेवीवर असे कार्ड सहसा मिळत नाही, त्यासाठी तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत किंवा खासगी बँक गाठावी लागते. जाताना दोन प्रश्न तयार ठेवा. वार्षिक फी किती? आणि या कार्डाची नोंद चारही कंपन्यांकडे जाते ना?

समजा, वीस हजारांची ठेव आहे आणि सोळा हजारांची मर्यादा मिळाली. सोळा हजार वापरायला मिळाले म्हणून वापरू नका. महिन्याला दोन-तीन हजारांचे डिझेल, नाहीतर घरचा किराणा, एवढेच. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहावे, असे जाणकार सांगतात. बिल आले की सगळेच्या सगळे, तारखेच्या आत भरायचे. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून एक छोटा आकडा असतो. तो भरला की माणसाला वाटते आपण सुटलो. उरलेल्यावर व्याज सुरूच असते.

आणि ते व्याज कसले! कार्डाचा दर बहुधा महिन्याला तीन ते पावणेचार टक्के असतो. साडेतीन धरला तरी वर्षाचे बेचाळीस टक्के झाले, वर व्याजावर अठरा टक्के जीएसटी. दहा हजार अडकले तर महिन्याला चारशेच्या पुढे जातात. गावचा सावकारही एवढे मागताना दोनदा विचार करेल. उलट त्याच ठेवीवर बँकेकडून साधे कर्ज घेतले तर ठेवीच्या व्याजदराहून टक्का-दोन टक्के जास्त पडतात. म्हणजे खरोखर पैशाची नड असेल तर कार्ड हा उपाय नाही, ठेवीवरचे कर्ज काढा. आणि कार्डावर एटीएममधून रोख तर अजिबात काढू नका. तिथे फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

शेतकऱ्याची खरी अडचण मात्र व्याजदराच्या आधी येते. कार्ड महिन्याने चालते, शेती हंगामाने. सोयाबीन दिवाळीला विकले जाते, उसाचे बिल कारखाना देईल तेव्हा. मधल्या महिन्यांत कार्डाचे बिल भरायचे कशातून? म्हणून ज्याच्या घरात महिन्याला काही ना काही येते, त्यानेच हे कार्ड घ्यावे. दुधाचे दहा दिवसांचे बिल बँकेत जमा होत असेल, भाजीपाला आठवडी बाजाराला जात असेल, घरात कोणी नोकरीला असेल, तर जमते. दुधाचे पैसे ज्या खात्यात येतात त्याच खात्यातून कार्डाचे बिल आपोआप वळते होईल, अशी सोय शाखेत करून घ्या. 'पूर्ण रक्कम' असे लिहून द्या, 'किमान रक्कम' नव्हे. ज्याचा सगळा पैसा वर्षातून एकदाच येतो, त्याने या फंदात पडू नये हे बरे. त्याच्यासाठी बँकेचे सोनेतारण कर्ज आणि त्याची वेळेवर फेड ही जास्त सोयीची वाट आहे, तीही अहवालात नोंदली जाते. सराफाकडचे किंवा बहुतेक पतसंस्थांतले तारण तिथे दिसत नाही, हे ध्यानात असू द्या.

बिल थकलेच तर बँक ठेव मोडून आपले पैसे वसूल करू शकते. पण तोपर्यंत उशिराची नोंद अहवालात गेलेली असते. ठेवही गेली आणि गुणही गेले, असे व्हायला वेळ लागत नाही.

फरक किती दिवसांत पडेल? महिन्या-दोन महिन्यांत चमत्कार होईल या आशेवर राहू नका. जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरा दिवसांनी नोंदी पाठवायच्या आहेत, त्यामुळे नोंद लवकर पोहोचते. पण भरवसा तयार व्हायला वर्षभर ओळीने बिले भरावी लागतात. त्या काळात चार बँकांत चार अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि गरजू म्हणून शिक्का बसतो. आणि बाजारच्या दिवशी "पाच हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणारे भेटतील. खरी नोंद पुसण्याचा अधिकार कोणत्याही दलालाला नाही. चुकीची नोंद तुम्हाला स्वतःला फुकटात दुरुस्त करून घेता येते.

वर्ष-दीड वर्षाने गुण सावरले, हवे ते कर्ज मिळाले आणि कार्ड नको वाटले तर बंद करता येते. बाकी काही नसेल तर अर्ज दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचे असते, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड तिच्यावर. कार्ड बंद झाल्याचे पत्र घ्या आणि ठेवीवरचा बँकेचा हक्क उठल्याचेही त्याच दिवशी लिहून मागा, म्हणजे पेरणीच्या वेळी ठेव मोडायला गेल्यावर परत हेलपाटा पडणार नाही.