मामाच्या पुण्यात सतरा सप्टेंबर का नसतो?

सतरा सप्टेंबरची सकाळ. तुम्ही लवकर उठून मुलांच्या गणवेशाला इस्त्री फिरवता. बूट घालता घालता धाकटा विचारतो, "आई, पुण्याच्या मामाकडे आज झेंडावंदन का नसतं गं?" गॅसवर दूध वर येत असतं. "अरे, आज आपला मुक्तिदिन. पळ, उशीर होतोय," म्हणून आपण मोकळ्या होतो.

मैत्रिणींनो, हा प्रश्न असा उडवून लावण्यासारखा नाही बरं!

१५ ऑगस्ट १९४७ ला मामाच्या पुण्यात तिरंगा फडकला, तेव्हा आपलं उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होतं. तिरंगा फडकावला म्हणून स्वामी रामानंद तीर्थांना तिथे त्याच दिवशी अटक झाली. सभा घ्यायची तर परवानगी, वर्तमानपत्र काढायचं तर परवानगी. घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. म्हणजे घरादाराचा कागद हातात आला, तरी तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. स्टेट काँग्रेसवर तर ती स्थापन होण्याआधीच, १९३८ साली, बंदी आली. त्याच वर्षी उदगीरचे आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले.

पुढे रझाकारांनी गावोगाव दहशत घातली. पण हे हिंदू-मुसलमानांचं भांडण होतं असं मुलांना सांगू नका. 'इमरोज'चे संपादक शोएबउल्ला खान मुसलमानच होते. संस्थानाने भारतात सामील व्हावं असं त्यांनी लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मुक्तिदिन तो हाच.

इथवरची गोष्ट भाषणात असते. त्यानंतरचं मात्र फारसं कुणी बोलत नाही. त्या विजयानंतर अनेक गावांत मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने पाहणी केली. सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आपला तेव्हाचा बीदर होता आणि नांदेडही. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत, असा समितीचा अंदाज. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. राज्य कुणाचंही असो, अशा वेळी आधी भरडली जाते ती घरातली बाई. माणूस म्हणून असलेला हक्क आपल्याला हवा, तसाच शेजारणीलाही हवा, नाही का?

हक्क राज्यकर्त्याच्या मर्जीवर असले की काय होतं, हे जगानं पुढेही पाहिलं. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडात १९७२ साली इदी अमीनने हजारो आशियाई कुटुंबांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. भरले संसार तिथेच टाकून बायका मुलांना घेऊन निघाल्या.

योगायोग बघा. हैदराबाद मुक्त झालं त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० डिसेंबर १९४८ ला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते. ते बदलून 'सर्व माणसं' असं करायला लावलं ते आपल्या हंसाबेन मेहतांनी!

एका बाईने एक शब्द बदलला. आपल्याला काय करता येईल? निदान आपलं नाव जपता येईल. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी कितीतरी जणींनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद केली. अशा सुमारे २८ लाख बायकांची नावं देशभरच्या याद्यांतून गळली.

आजही लग्न होऊन आलेल्या कितीतरी जणींचं नाव माहेरच्याच यादीत पडून असतं. तुमचं आहे का सासरच्या यादीत, स्वतःच्या नावाने, नीट लिहिलेलं? नसेल तर अर्ज क्रमांक ८ भरा. तहसील कचेरीत चौकशी करा. डाळ-तांदळाच्या यादीइतकीच ही यादीही आपणच तपासायची.

आणि पुढच्या सतरा सप्टेंबरला दूध जरा आधी तापवून ठेवा. धाकट्याला उत्तर द्यायला पाच मिनिटं लागणार आहेत.