घरगुती बॅटरी बॅकअप : सोपा परिपथ आणि बॅटरीच्या दोन मर्यादा

वीज जाताच आपोआप लागणारा दिवा हा विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगा प्रकल्प आहे. भाग थोडे लागतात आणि परिपथ सोपा असतो. तरीही असा संच लवकर निकामी झाला, तर दोष बहुधा जोडणीचा नसून बॅटरीच्या वापराचा असतो. लेड-ॲसिड बॅटरी दोन गोष्टींनी खराब होते : जादा चार्जिंग आणि अति डिस्चार्ज. प्रकल्पाचे खरे शिक्षण या दोन मर्यादा समजून घेण्यात आहे.

परिपथाची रचना

१२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तास क्षमतेची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी घ्यावी. १५ व्होल्ट, २ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर यांतून सुमारे २० व्होल्ट डीसी मिळतो. तो एलएम ३१७ या रेग्युलेटरला द्यावा. आउटपुट व ॲडजस्ट या पायांमध्ये २४० ओहमचा रोध, तर ॲडजस्ट व ऋण तारेमध्ये २.२ किलोओहमचा रोध आणि ५०० ओहमचा प्रीसेट एकसरीत जोडावा. आउटपुटपासून १एन ५४०८ डायोड आणि २.२ ओहम, ५ वॅटचा रोध यांतून बॅटरीच्या धन टोकाकडे जोडणी करावी. हा रोध सुरुवातीचा चार्जिंग प्रवाह पाऊण ॲम्पिअरच्या आसपास ठेवतो. रेग्युलेटरला हीटसिंक लावणे आवश्यक आहे.

१२ व्होल्टच्या रिलेची कॉइल रेग्युलेटरच्या आउटपुटवर, म्हणजे डायोडच्या अलीकडे जोडावी. दिवा बॅटरीला रिलेच्या 'नॉर्मली क्लोज्ड' संपर्कातून जोडावा. वीज असताना रिले ओढलेला राहतो व दिवा बंद असतो. वीज जाताच रिले सुटतो व दिवा लागतो. डायोड नसता, तर बॅटरीच रिलेला ओढून धरती आणि दिवा लागलाच नसता.

पहिली मर्यादा : जादा चार्जिंग

बॅटरी सतत चार्जिंगवर राहणार असल्याने २५ अंश सेल्सिअस तापमानाला तिच्या टोकांवर सुमारे १३.७ व्होल्ट असावेत. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरने मोजून प्रीसेट फिरवावा. व्होल्टेज जास्त राहिल्यास आतील पाण्याचे विघटन होते, वायू बाहेर पडतो आणि बॅटरी कोरडी होत जाते. तापमान वाढले की हे व्होल्टेज कमी ठेवावे लागते : प्रत्येक सेलमागे अंशाला सुमारे ३ मिलिव्होल्ट. सहा सेल व १५ अंशांची वाढ धरल्यास ही घट ०.२७ व्होल्ट होते. म्हणून हैदराबाद किंवा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असेल, तेव्हा १३.४ व्होल्ट योग्य ठरतात.

दुसरी मर्यादा : अति डिस्चार्ज

३ वॅटचे दोन एलईडी दिवे सुमारे अर्धा ॲम्पिअर घेतात. ७ भागिले ०.५ म्हणजे कागदावर १४ तास. परंतु दर वेळी बॅटरी रिकामी केल्यास प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण थर जमतात व क्षमता घटते. निम्मीच क्षमता वापरायची, म्हणजे ७ तास, हा हिशेब विद्यार्थ्यांना द्यावा. दिवे चालू असताना व्होल्टेज ११ च्या खाली जाऊ देऊ नये. त्यासाठी स्वयंचलित कट-ऑफ बनवणे हा पुढील वर्गाचा चांगला प्रकल्प होईल. १० ते १४.५ व्होल्टवर चालणारे, सौर संचांसाठीचे दिवेच घ्यावेत.

दक्षता

बॅटरीच्या धन टोकाजवळच २ ॲम्पिअरचा फ्यूज असावा. शॉर्ट झाल्यास एवढी छोटी बॅटरीही तार तापवून आग लावू शकते. २३० व्होल्टची बाजू बंद पेटीत असावी, तिलाही फ्यूज असावा आणि ती जोडणी अध्यापकांच्या देखरेखीखालीच व्हावी. बॅटरीची पेटी हवाबंद नसावी, कारण निघणारा हायड्रोजन ज्वालाग्राही असतो. या परिपथात लेड-ॲसिडच्या जागी लिथियम सेल कधीही लावू नयेत. जुनी बॅटरी भंगारात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

विद्यार्थ्याने रोज बॅटरीचे व्होल्टेज वहीत नोंदवले, तर महिन्याभरात दोन्ही मर्यादा त्याला आकड्यांतून दिसतील. दिवा लागला एवढ्यावर प्रकल्प संपत नाही. पुढच्या वर्षीच्या परीक्षेच्या रात्रीही तो लागला पाहिजे.