शेअर घेताय? अल्फा आणि बीटा आधी समजून घ्या

परभणी, सेलू, मानवतकडे कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की आता शेअरच्याही गोष्टी निघतात. "अमुक शेअरने वर्षात 13 टक्के दिले," एवढंच सांगितलं जातं. त्यासाठी जोखीम किती होती, ते बीटा आणि अल्फावरून कळतं.

बीटा म्हणजे बाजार हलला की शेअर किती हलतो. बाजाराचा बीटा 1 धरतात. शेअरचा 1.5 असेल, तर बाजार 10 टक्के पडल्यावर तो साधारण 15 टक्के पडू शकतो. चढतानाही तसंच.

अल्फा म्हणजे जोखमीच्या मानाने मिळालेला जादा परतावा. समजा, बाजाराने 12 टक्के दिले आणि सरकारी रोख्यांचा दर 6 टक्के आहे. फरक 6. त्याला बीटा 1.5 ने गुणलं की 9. त्यात 6 मिळवले की 15. या शेअरकडून 15 ची अपेक्षा होती, मिळाले 13. अल्फा उणे 2! बाजारापेक्षा जास्त देऊनही तो कमीच पडला.

तुलना कशाशी केली, हेही बघा. निफ्टी 50 मध्ये बँकांचा वाटा मोठा आहे. शरिया निर्देशांकात व्याजावर चालणाऱ्या बँका नसतात. बँकांचे शेअर टाळणाऱ्यांनी निफ्टी 500 शरियाशी तुलना करावी.

हे आकडे मागच्या काळाचे असतात, पुढची हमी देत नाहीत. म्हणून पेरणीचा किंवा मुलांच्या फीचा पैसा जास्त बीटाच्या शेअरमध्ये घालू नका.