प्रमाणपत्र आधी की अनुभव?

बेळगावात १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी सिस्कोची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षाही आली. आज बेळगाव-निपाणी भागातला पदवीधर पुण्या-बेंगळुरूत नोकरी शोधतो, तेव्हा तिथे त्याचे काम पाहिलेले कोणी नसते. अशा वेळी प्रमाणपत्र त्याची ओळख करून देते, अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे सरकवते. पण त्याची किंमत परीक्षेच्या पद्धतीवर ठरते. पर्याय निवडण्याच्या परीक्षेत पाठांतर खपून जाते. रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए या लिनक्सच्या परीक्षेत मात्र चालू संगणकावर कामच करून दाखवावे लागते, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही ते टिकले तरच गुण मिळतात. सीसीएनए काय किंवा आरएचसीएसए काय, मुदत तीनच वर्षांची. ज्ञान शिळे होते, हे प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपन्यांनाच मान्य आहे.

प्रमाणपत्राच्या जोडीला अनुभवही हवा म्हटले, तर नोकरीशिवाय तो येणार कुठून, हा आक्षेप रास्त आहे. मात्र अनुभव फक्त मोठ्या आयटी कंपनीतच मिळतो, हे मला पटत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचा सर्व्हर, निपाणीतल्या पतसंस्थेचा बॅकअप, साखर कारखान्याच्या वजनकाट्याची संगणकजोडणी ही खरी कामे आहेत. ऐन गळीत हंगामात काटा अडला, तर बाहेर उसाच्या गाड्या खोळंबतात. बिघाड कुठे, आधी काय तपासायचे, हे तिथे ठरवावे लागते. वर्षे मोजून अनुभव ठरत नाही, हेही खरे. तेच काम दहा वर्षे करणारा नवे काही शिकलेला नसू शकतो. म्हणून मर्यादित पैशांत प्रात्यक्षिकाची एकच परीक्षा द्यावी आणि तिच्या तयारीबरोबरच असे एखादे स्थानिक काम हाती घ्यावे.