हिमालयात ज्वालामुखी का नाहीत?



आठवीच्या वर्गात हिमालयाचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, अँडीज पर्वतात एवढे ज्वालामुखी आहेत, मग हिमालयात का नाहीत?" आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. 'आग्नेय शैल' हा शब्द आम्ही परीक्षेसाठी पाठ केला होता; पण त्या दगडाला प्रश्न विचारता येतात, हे कोणी सांगितले नव्हते. म्हणून आम्ही पुन्हा पुस्तके उघडली. जे समजले ते येथे देत आहोत.

आधी अँडीज पाहू. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचा तळ, म्हणजे नाझ्का भूपट्ट, खंडाखाली शिरत आहे. याला अधोगमन म्हणतात. खाली गेलेला तळच वितळून लाव्हा होतो, असा आमचाही समज होता. प्रत्यक्षात मुख्य काम पाणी करते. तळातील खनिजांत अडकलेले पाणी सुमारे १०० किलोमीटर खोलीपर्यंत जाताना दाबाने व उष्णतेने सुटते आणि वरच्या तप्त प्रावरणात शिरते. पॉट आईस्क्रीम करताना मीठ घातले की बर्फ शून्याखालीही वितळतो. तसाच पाणी मिसळलेला खडक कमी तापमानाला वितळतो. हा शिलारस वर चढतो. थोडा ज्वालामुखीतून बाहेर पडतो, बराचसा जमिनीखालीच थिजतो. अशी ज्वालामुखींची लांब कमान खंडाच्या काठावर तयार होते.

आता हिमालयाकडे वळू. भारत व आशिया यांच्यामध्ये पूर्वी टेथिस समुद्र होता आणि त्याचा तळ आशियाखाली जात होता. म्हणजे आशियाच्या दक्षिण काठावर अँडीजसारखीच रांग असली पाहिजे. ती कुठे गेली?

तिची मुळे लडाखमध्ये आहेत. लेह शहराच्या उत्तरेची डोंगररांग ग्रॅनाइट जातीच्या करड्या-पांढऱ्या खडकांची आहे. लडाखचा हा पट्टा सुमारे ६०० किलोमीटर लांब आहे. त्यातील खुणा अशा :

१) स्फटिक मोठे आहेत. म्हणजे शिलारस खोलवर, सावकाश थंड झाला.

२) हॉर्नब्लेंड व काळे अभ्रक आहे. या खनिजांच्या रचनेतच पाण्याचा अंश असतो.

३) बेरियम जास्त, नायोबियम कमी आहे. खोलवरचे पाणी बेरियम सहज वाहून नेते, नायोबियम मागे राहते.

४) झिरकॉनचे बारीक स्फटिक आहेत. त्यांत युरेनियम असते व त्याचे ठरावीक वेगाने शिसे होते. या घड्याळानुसार बराचसा खडक ६ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

एकच खूण पुरेशी नाही; ग्रॅनाइट इतर प्रकारेही बनतो. पण दक्षिणेला सिंधूच्या पट्ट्यात टेथिसच्या तळाचे तुकडेही सापडतात, आणि उत्तरेला खारदुंग भागात लाव्हा व ज्वालामुखीय राखेचे खडक आहेत. सगळ्या साक्षी जुळतात.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला. समुद्राचा तळ संपला, खाली जाणारे पाणी थांबले आणि ज्वालामुखी विझत गेले. पुढे जमीन उचलली गेली, वरचा भाग झिजला आणि पोटातला खडक उघडा पडला.

आपल्या इंदूरच्या मातीखालचा काळा दगडही अग्निजन्यच आहे. पण त्याची कथा वेगळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा तो बेसाल्ट आहे. तेथे समुद्राचा तळ खाली जात नव्हता. त्याचे कण इतके बारीक आहेत की भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि हॉर्नब्लेंड त्यात सहसा मिळत नाही. जन्म दोघांचाही आगीतून, पण कारण निराळे. "अग्निजन्य खडक" एवढेच उत्तर लिहून पूर्ण गुण मिळतील. कारण मात्र कळणार नाही.

दोन्ही दगड प्रयोगशाळेत ठेवले आहेत. भिंग घेऊन जरूर पाहावेत. आणि आठवीतील त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर : बाळ, ज्वालामुखी होते. लेहला गेलास तर तू त्यांच्या मुळांवर उभा असशील.